शैलाबाय आणि आतड्यांची वही

पेडण्याहून म्हापशाला जाणारी बस खच्चून भरलेली, आणि आमची शैलाबाय फोनवर ओरडते आहे, "वारो सरलो? कितक्या वाजता? अंदाजान नाका, घड्याळ बघून सांग!" कंडक्टरसुद्धा तोंड फिरवून हसतो. ती शांतपणे पर्समधून वही काढते आणि वेळ टिपते.

शैलाबाय आमच्या शेजारची. पन्नाशीची, एकटी, इस्पितळात नर्स. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची ऑपरेशनं होतात, त्यांची नोंद तिच्याकडे. गाठीबरोबर किती ग्रंथी काढून तपासल्या, कापून जोडलेल्या आतड्याचा सांधा टिकला की गळला, तीस दिवसांत कोण परत आलं, सगळं. कुठल्या डॉक्टरचं काम कसं आहे ते ती वहीवरून सांगते, आणि त्याच्या तोंडावर सांगते. मला विचाराल तर अख्ख्या तालुक्यात अशी बाई नाही.

तिचं भांडण मात्र डॉक्टरांशी कमी, आपल्याच लोकांशी जास्त. आपली माणसं कशी? ताप असो, पोट फुगलेलं असो, इस्पितळातून फोन आला की "बरां आसा, देवाची कृपा." एवढ्या मोठ्या डॉक्टरला वाईट कसं सांगायचं! शैलाबाय चिडून मला म्हणते, "काकी, 'बरां आसा' हो आकडो न्हय!" इब्रामपूरच्या एका म्हाताऱ्याने असंच सांगितलं, तर ही स्कूटर काढून त्याच्या दारात. टाके ओले, आणि तो कळशीने माडांना पाणी घालतोय! ही इतकी बोलली की सुनेने घाबरून चहा दिला. तो पिऊन पुन्हा बोलली.

गेल्या वर्षी आमच्या ह्यांचं तेच ऑपरेशन झालं. घरी आणल्यावर तिसऱ्या सकाळी, प्रत्येक पेशंटला करते तसा, तिचा फोन. बाजूच्या घरातून! नियम म्हणजे नियम. हे म्हणाले, "बरां आसा गो." आवाजात तिला काय कळलं देव जाणे, मी ह्यांच्या हातून फोन घेऊन ठेवते तोवर ती अनवाणी दारात. मनगटावर बोटं, पोटावर हात, काखेत थर्मामीटर.

"काकानू, एकशे दोन आसा. गाडी बोलावतंय."

आतला सांधा गळला होता. दुपारीच पुन्हा पोट उघडलं. आणखी एक दिवस गेला असता तर हाती काही राहिलं नसतं, हे डॉक्टरांचे शब्द, माझे नव्हेत.

इस्पितळातल्या महिन्याच्या बैठकीत ह्यांची केस तिने स्वतः वाचली. कुणीतरी म्हणालं, "पेशंट जगला ना? मग गळती कशाला लिहिता?"

"लिहिली नाय तर पुढचो जगतलो कसो?" ही म्हणाली.

तेव्हापासून तिथला प्रत्येक पेशंट थर्मामीटर घेऊनच घरी जातो, आणि रोज फोनवर आकडा सांगतो. शेजारीण माझी! मी सांगत सुटणार नाही तर काय?

हे घरी परतले तेव्हा ती नवा फॉर्म घेऊन आली. शेवटचा प्रश्न, घरी काळजी घेणारं कोण? तिने माझं नाव लिहिलं.

हे म्हणाले, "आणखी एक ओळ रिकामी आसा. तुझां नाव घाल."

"माका पगार मेळता, काकानू."

"घाल म्हटलंय ना!"

तिने घातलं. पुढचा रकाना नात्याचा. पेन थांबलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "काकी, हय काय लिहू?"

"लेक लिही," मी म्हटलं.

तिने लिहिलं. मग फॉर्म पहिल्यापासून वाचून काढला, ओठ हलवत, आणि शेवटच्या ओळीशी येऊन तिथेच राहिली. तिचा चहा निवला. मी दुसरा ठेवायला आत गेले, आणि मुद्दाम सावकाश ठेवला.