चौकातली भावी डॉक्टर

आपण डॉक्टर होणार आहोत हे संयोगिताला चौकातल्या फ्लेक्सवरून कळलं. दहावीचा निकाल आदल्या दिवशीच लागला होता आणि ती दळणाचा डबा घेऊन गिरणीकडं निघाली होती. वर बघते तर ती स्वतःच, भिंतीएवढी. फोटो आत्याच्या लग्नातला, त्यामुळं नाकात नथ होती. आणि फ्लेक्सवाल्या राजवर्धननं गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून दिला होता. वरच्या बाजूला ‘कसबा बावड्याची शान, भावी डॉक्टर संयोगिता’ असं लिहिलेलं आणि खाली शुभेच्छुकांचे चेहरे दाटीवाटीनं बसवलेले. निम्मे गॉगल लावून होते, उरलेले फोनवर बोलत होते.

तिचे वडील हंबीरराव साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. तालुक्यातल्या कुणाच्याही उसाचं वजन ते नुसत्या नजरेनं सांगायचे. घरच्या पोरीचा अंदाजही त्यांनी असाच नजरेनं बांधला होता.

“पप्पा, त्यो फ्लेक्स कुणी लावला?” संयोगितानं डबा खाली ठेवला.

“विजयसिंहानं. मंडळाच्या वतीनं. कसा हाय? गल्लीत असला फ्लेक्स कुणाचा लागला न्हाय.”

“मला आर्ट्सला जायाचंय. भूगोल घ्यायचाय.”

हंबीररावांच्या हातातला चहा हातातच राहिला. “भूगोल घिऊन काय करणार? नकाशे इकणार?”

“पुढं काय करायचं ते अजून ठरलं न्हाय. पर भूगोल घ्यायचाय हे नक्की.”

हे काही सकाळचं खूळ नव्हतं. पूर आला की बावड्यातली पोरं पाणी बघायला नदीकडं पळायची आणि ही एकटी गल्लीतल्या भिंतींवर खडूनं पाण्याच्या खुणा करत फिरायची. शाळेत करिअर मार्गदर्शनाचा कार्यक्रम झाला तेव्हा पाहुण्यांनी सांगितलं होतं, की न सांगता मूल जे वाचतं तिकडं त्याला जाऊ द्या. हंबीरराव पहिल्या रांगेत होते. चहा येईपर्यंत त्यांनी नीट ऐकलंही होतं.

“पोरीला इचारलं हुतंसा का?” त्यांच्या बायकोनं, शालूबाईंनी, चुलीपाशी नव्हे तर गॅसपाशी उभं राहून अगदी थंड आवाजात विचारलं.

“चांगल्या गोष्टीला काय इचारायचं?”

“मग आता काढून टाका.”

सांगणं सोपं होतं. हंबीरराव चौकात जाऊन विजयसिंहाला भेटले. मंडळाचा अध्यक्ष असलेला हा माणूस वाढदिवसापासून बाराव्यापर्यंत कशाचाही फ्लेक्स लावायचा, पण लावलेला काढल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

“हंबीरदा, तुमच्या पोरीचा फोटो काढू की,” विजयसिंह म्हणाला. “पर तिच्याखाली आमच्या माणसांचे फोटो हायत. त्यांनी काय करायचं? फ्लेक्स उतरला म्हंजे त्यांची इज्जत उतरली.”

“मग डॉक्टर एवढा शब्द खोड.”

“मग आमी सगळी कशाबद्दल हसालोय?”

हंबीरराव तसेच माघारी फिरले. ते घरी आले तर सोप्यात गल्लीतले आकारामतात्या पाय लांब करून बसलेले. तात्या शुभेच्छुकांत दुसऱ्या रांगेत होते, फेट्यासकट.

“पोरी, ह्यो गुडघा बघ जरा,” तात्या म्हणाले.

“तात्या, मी दहावी झालीया.”

“व्हय की. डॉक्टर व्हशीलच. तवर सांगून ठिवतो. दवाखाना काढलास की पयला नंबर माझा.”

दुपारपर्यंत आणखी तिघं नंबर लावून गेली. एकीनं सुनेचा जुना एक्स-रे आणला, एकानं पित्ताची तक्रार सांगितली आणि एकानं म्हशीचं दूध आटल्याचं. माणसांची डॉक्टर की जनावरांची हे फ्लेक्सवर लिहिलं नव्हतं, त्यात त्याची चूक नव्हती. मोठेपणाच्या नादात आपण फुकट दवाखान्याचं आश्वासन देऊन बसलोय हे हंबीररावांना आता कुठं कळायला लागलं. आणि अकरावीचा प्रवेश सोमवारी घ्यायचा होता.

पोरगी आर्ट्सला जाणार ही बातमी संध्याकाळी फुटली आणि शुभेच्छुक घरावर चालून आले. विजयसिंह पुढं होता.

“हंबीरदा, आमी फोटो डॉक्टरला शुभेच्छा द्यायला दिल्यात. आर्ट्सला शुभेच्छा म्हणून कोण फ्लेक्स लावतंय?”

“माझ्या गुडघ्याचं काय?” तात्यांनी मागून विचारलं.

हंबीररावांनी मान खाली घातली. उद्या सकाळी पोरीची समजूत काढावी, सायन्सला घालावं आणि हे मिटवावं असं त्यांच्या मनात आलं. आलेलं त्यांच्या तोंडावर दिसलंही. संयोगिताचे डोळे भरून आले, पण ती रडली नाही. ती तात्यांपुढं येऊन बसली.

“तात्या, गुडघा कशानं गेला?”

“पुरात. पोती उचलून पळताना घसरलो. तुला ठावं हाय की.”

“तुमी नदीकडं बघत बसला हुतासा. पाणी मागनं ओढ्यातनं आलं. मी भिंतीवरच्या खुणा बघून आदल्या दिवशी काय सांगिटलं हुतं?”

तात्या गुडघा चोळायला लागले. “ओढ्याकडची पोती आधी हलवा म्हणालतीस,” ते पुटपुटले. “मी म्हटलं, पोरीला काय कळतंय.”

“त्योच भूगोल. त्यो शिकायचाय मला.”

शुभेच्छुकांतल्या बऱ्याच जणांची पोती त्या साली भिजली होती.

“न्हाय तर असं करू,” तात्याच म्हणाले, “गुडघ्याचं मी दवाखान्यात बघतो. पोरीला जाऊ दे तिच्या वाटंनं. पर माझा फोटो ठिवा.”

मग तोड निघाली. फ्लेक्स राहील, चेहरे राहतील, फक्त ‘डॉक्टर’वर पट्टी बसेल. राजवर्धन शिडी घेऊन आला आणि पट्टीवर काय छापू म्हणून विचारू लागला. “कायबी नको,” संयोगिता म्हणाली. “ठरलं की सांगते.” तेव्हा पांढरी कोरी पट्टी बसली. ‘भावी’, मग रिकामी जागा, मग संयोगिता. स्टेथोस्कोप काढायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

घरी त्या रात्री सगळे गाढ झोपले. दुसऱ्या दिवशी दारात मोठी गाडी थांबली आणि माजी नगरसेवक गणपतराव उतरले. निवडणूक तोंडावर होती आणि त्यांचा चेहरा उतरलेला होता.

“हंबीरराव, एवढी माणसं गोळा केलीसा आनि आमाला कळवायचं न्हाय?”

“कशाची माणसं?”

“फ्लेक्स बघून आलो की. भावी म्हणून जागा रिकामी ठिवलीया. हे डाव आमाला नवं न्हाईत. खरं सांगा, पोरीला कुठनं उभी करालाय?”

“अवो, ती सोळाची हाय.”

“मग कशासाठी चाललंय हे?”

आतून संयोगिता बाहेर आली. “अकरावीसाठी,” ती म्हणाली.

गणपतरावांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी चहा घेतला, पोरीच्या हातावर पेढा ठेवला, गुणांची चौकशी केली आणि शिक्षणाला आपला कायम पाठिंबा असल्याचं सांगून गेले.

सोमवारी बाप-लेक आर्ट्सच्या प्रवेशाला निघाले. चौकात येताच दोघंही थांबले. पांढऱ्या पट्टीवर नवा फोटो चिकटला होता. ‘भावी’च्या पुढं, बरोबर मधोमध, गणपतराव हात जोडून हसत होते.

“बघा पप्पा,” संयोगिता म्हणाली, “जागा रिकामी ठिवली की कोन बी यिऊन बसतंय. लवकर ठरवाय पायजे.”

हंबीररावांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून शिडी मागून आणली, तिथंच उभा असलेला विजयसिंह नको नको म्हणत असताना वर चढले आणि तो फोटो सोलून काढला. मग त्याची नीट घडी करून विजयसिंहाच्या हातात दिली.

“दमानं ठरव, बाळ,” ते खाली उतरत म्हणाले. “तवर मी राखण करतो.”

प्रवेश घेऊन आल्यावर त्यांनी घरातली खुर्ची नेली आणि फ्लेक्सखाली टाकली. कामावरून आले की ते तिथं जाऊन बसतात. येणारा-जाणारा विचारतो, “पोरगी पुढं काय होणार?” हंबीरराव म्हणतात, “तिला इचारा.”