बावीस वर्षांची नोकरी आणि सिरपची बाटली

सगळ्याचं मूळ टीव्हीचा रिमोट. रविवारी सकाळी तो बंद पडला आणि मी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याचे दोन सेल काढून त्यात घातले. (मॅच ऐन रंगात होती. शिवाय काटा काय, रोज थोडाच लागतो?)

तो नेमका त्याच दुपारी लागला. सासूबाईंचा सत्तरावा वाढदिवस होता, त्या पाचला येणार होत्या आणि बायको केक करत होती. आईने आपल्या हातच्या एका तरी पदार्थाला ‘छान’ म्हणावं, एवढीच तिची लग्नाआधीपासूनची इच्छा.

“अहो, काटा मेलाय! सिरप तीनशे चाळीस ग्रॅम हवंय. आता कसं मोजू?”

सेलचा विषय निघू नये म्हणून मी लगबगीने उठलो. “त्यात काय! मापाच्या कपात मोज. ग्रॅम म्हणजेच मिली.”

“ते पाण्याचं. सिरप जड असतं ना?”

“अगं, वजन-मापे खात्यात बावीस वर्षं घासलीत मी! मला शिकवतेस?”

बाटली मीच उपडी धरली. ते सिरप कपात उतरायला अकरा मिनिटं लागली. माझा हात भरून आला, शर्टाची बाही चिकटली, आणि बाटली पार रिकामी झाली तरी कप दोनशे चाळीसच्या रेघेवरच!

“बघ, कशा बाटल्या लहान करायला लागलेत चोर! तक्रारच करायला हवी.”

“कुणाकडे? तुमच्याच खात्याकडे ना?”

“छे! तिथे काही होत नाही.”

वैतागून मी दुसरी बाटली उघडली आणि तीनशे चाळीसची रेघ गाठली.

साडेचारला केक बाहेर काढला. वरून देखणा, पण मध्ये सुरी घातली तर ती मुठीपर्यंत बुडाली. आणखी वीस मिनिटं भाजला, तेव्हा कडा करपल्या आणि मधलं तळं होतं तसंच राहिलं. बायको ओट्याला टेकून रडायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात बेल वाजली.

सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी केककडे पाहिलं, माझ्या बाहीकडे पाहिलं, आणि चष्मा लावून रिकामी बाटली उचलली.

“किती सिरप हवं होतं गं?”

“तीनशे चाळीस ग्रॅम.”

“‘निव्वळ वजन तीनशे चाळीस ग्रॅम.’ अख्खी बाटली ओतायची होती की! त्यात मोजायचं काय होतं?”

सासूबाईंनी चमचा घेऊन मधलं तळं चाखलं. “चव छान आहे हो पोरी. वाटीत घालून दे.”

बायकोचा चेहरा खुलला. सुटलो, असं मला वाटलं.

“जावईबापू, बाटलीवर वजन छापलंय की नाही, हे तुमच्याच खात्यात तपासतात ना?”

“हो. म्हणजे... ते टेबल माझंच.”

“मग?”

“छापलंय की नाही, एवढंच आम्ही बघतो,” मी म्हणालो. “वाचायचं ग्राहकानं.”