सतरा वर्षांचा घोड्याचा ट्रेलर

भांडुपच्या टेकडीखाली राहणाऱ्या गुणाजी घाडी यांनी आपला घोड्याचा ट्रेलर विकायला काढला, तेव्हा कोणालाही फसवण्याचा त्यांचा हेतू नव्हता. पुढचा सगळा घोटाळा त्यामुळेच झाला.

गुणाजी वरातींना घोडी पुरवत. मुलुंडहून बोरिवलीपर्यंत चालत नेलेली घोडी नवरदेवाच्या आधी दमते, म्हणून त्यांनी जीपमागे ओढायचा लोखंडी ट्रेलर घेतला होता. कालांतराने घोडी म्हातारी होऊन मेली, नवरदेव मोटारीच्या छतातून डोके बाहेर काढून वरात मिरवू लागले आणि जीपही विकली गेली. ट्रेलर तेवढा गल्लीत उरला. त्याच्यावर गुणाजींच्या पत्नी प्रेमाकाकू पापड वाळत घालत. मग एके दिवशी पालिकेची नोटीस आली. गल्लीचे काँक्रीटीकरण होणार असल्याने 'सदर अश्ववाहक अडथळा' दोन महिन्यांत हलवावा, अन्यथा जप्त करण्यात येईल, असे तिच्यात म्हटले होते.

शेजारची श्रुतिका मोबाइलवर जाहिरात टाकून द्यायला तयार झाली. गुणाजींनी मजकूर सांगितला: ट्रेलर सतरा वर्षांचा आहे, तळाच्या फळ्या दोनदा बदलल्या आहेत, उजवे चाक आवाज करते, छताला गंज आहे, किंमत साठ हजार. असे कोणी लिहीत नाही, म्हणून श्रुतिकाने त्यांना अडवून पाहिले. घेणारा येऊन बघणारच आहे, तर आधी सांगितलेले काय वाईट, असे गुणाजींचे म्हणणे पडले.

तीन आठवड्यांत बरीच चौकशी झाली. एकाने ट्रेलरबरोबर घोडा मिळेल का, असे विचारले. घाटकोपरच्या एकाने भंगाराचा भाव दिला, तोही माल घरपोच करण्याच्या अटीवर. एक गृहस्थ रोज सकाळी सुप्रभात पाठवत. ट्रेलरचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही.

शेवटी पवईहून चेतना आली. तळ्याजवळ उघडणाऱ्या एका कॅफेची सजावट तिच्याकडे होती. ट्रेलरमध्ये कॉफीचा काउंटर थाटायचा होता. तिने छताच्या गंजावरून हळुवार हात फिरवला आणि साठ हजार ही किंमत फारच कमी असल्याचे सांगितले. एवढ्या स्वस्तात मिळाला तर मालकांना तो खोटा वाटेल. तिने दीड लाख ठरवले. अटी दोनच होत्या. कागदपत्रे नावावर व्हायला हवीत आणि गंज आहे तसा राहायला हवा.

कागदपत्रांसाठी ट्रेलर टेम्पोमागे टोचन करून परिवहन कार्यालयात न्यावा लागला. निरीक्षकांनी एक फेरी मारली आणि 'वाहन जीर्ण दिसते' असा शेरा लिहिला. सतरा वर्षांचे वाहन जीर्ण दिसणारच, हे गुणाजींनी नम्रपणे सांगितले.

"जुनं असायला हरकत नाही," निरीक्षक म्हणाले. "दिसता कामा नये."

गुणाजींनी डेंटिंग-पेंटिंगवाल्या धाकूला बोलावले. त्याने गंज खरवडला, पुट्टी भरली, निळा रंग मारला. ट्रेलर पास झाला, फाइलला फोटो लागला. दुसऱ्या दिवशी चेतना आली आणि तिने निळ्या छतावर गंज शोधून पाहिला.

"काका, तुम्ही त्याचं आयुष्यच पुसून टाकलंत," ती म्हणाली. आता त्याचे तीस हजारही येणार नव्हते.

मात्र ती मनाने चांगली होती. आयुष्य परत आणता येते, असे तिने समजावले. ट्रेलर वर्सोव्याला गेला. तिथे मालन नावाच्या तिच्या ओळखीच्या कोळीणबाईंनी मासे सुकवायच्या जागेत त्याला आसरा दिला आणि आठ दिवस त्याच्यावर समुद्राचे पाणी मारले. गंज उत्तम आला. धाकूने उरलेला रंग उडवून दिला आणि त्याचे दुप्पट पैसे लावले. रंग कोणीही मारतो, उडवायला कसब लागते, असा त्याचा हिशेब होता.

चेतना खूश झाली. कार्यालय झाले नाही. नाव बदलण्याआधी ट्रेलर पुन्हा दाखवावा लागला, तेव्हा फाइलमधला निळा होता आणि समोरचा तांबडा, म्हणजे हे वाहन ते नव्हेच. मूळ वाहन कुठे लपवले, याचा लेखी खुलासा मागवण्यात आला. गुणाजींनी पुन्हा रंग मारला, चेतनाने पुन्हा उतरवायला सांगितला. तिसऱ्या खेपेला निरीक्षकांनाच त्यांची दया आली. वाहन किती बाजूंनी तपासावे हे नियमात दिलेले नाही आणि आपण नेहमी डावीकडूनच बघतो, असे त्यांनी सहज बोलण्याच्या ओघात सांगितले. ट्रेलरची डावी बाजू सरकारसाठी नवी झाली, उजवी गिऱ्हाइकासाठी जुनी राहिली. दोन्हीकडून तो मंजूर झाला.

न्यायच्या आदल्या दिवशी चेतना आत शिरली. पुढच्या फळीवर एके ठिकाणी दातांच्या खुणा होत्या. बँडवाले यायला उशीर झाला की घोडी तिथे उभी राहून लाकूड कुरतडत असे. चेतनाला खुणांची कल्पना फार आवडली, पण या खुणा तिला पटेनात. सगळ्या एकाच जागी होत्या, खऱ्या वाटत नव्हत्या. धाकूने ती फळी काढली, नवी बसवली आणि पटाशीने सगळीकडे सारख्या अंतरावर दात उमटवले. चेतना म्हणाली, आता घोडा जाणवतो.

गुणाजी काढलेली फळी मांडीवर घेऊन पायरीवर बसले. त्यांना एकदम विकायचेच नको झाले. नोटिशीची मुदत दोन दिवसांनी संपत होती. प्रेमाकाकूंनी वाळलेले पापड उचलले.

"फळी घरात ठेवूया," त्या म्हणाल्या. "ट्रेलर जाऊंदे."

महिन्याभराने दोघे पवईला बघायला गेली. ट्रेलरची उजवी बाजू रस्त्याकडे होती. आतल्या भांड्यांतून वाफ निघत होती आणि बाहेर लांब रांग होती. शेजारी पितळी पाटी होती. हा ट्रेलर एका संस्थानिकाच्या पागेतला असून एकशे दहा वर्षांचा आहे, असे तिच्यावर कोरले होते. तेव्हा मोटारी किती होत्या आणि याला ओढत कोण होते, हे पाटीवर नव्हते. रांगेतही कोणी विचारत नव्हते.

गुणाजींनी शेजारी उभ्या असलेल्या माणसाला सांगितले की ट्रेलर त्यांचा होता, भांडुपला असायचा आणि त्याला सतरा वर्षे झाली आहेत. त्या माणसाने सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग काकांना जरा बाजूला सरकायची विनंती केली, कारण ते फोटोत येत होते.

तो फोटो चांगला आला आहे. उजव्या कडेला खांद्याचा एक तुकडा दिसतो, तो गुणाजींचा. खाली तीन हजारांवर लोकांनी पसंती दिली आहे आणि जुन्या वस्तूंत कसा खरेपणा असतो, याबद्दल पुष्कळांनी कळवळून लिहिले आहे. त्यातले चौथे मत तुमचे आहे.