मुलाखतीला शववाहिका

"हे टेबल खरोखरच इथे आहे, हे तुला कशावरून कळलं?" रेमंड एंटविसल यांनी आपल्या मुलीला, ब्रायनीला विचारलं आणि लगेच कागदी रुमालांचा डबा तिच्यापुढे सरकवला.

"बाबा, रुमाल कशाला?"

"सवय गं. समोर कुणी बसलं की हात आपोआप जातो."

क्लिदरो गावात माणूस मेला की एंटविसलांकडेच यायचा, आणि त्याआधी त्याचे नातेवाईक याच टेबलाशी बसून पेटी ओकची की पाइनची ते ठरवायचे. त्यामुळे टेबलाच्या अस्तित्वाबद्दल गावात कुणाला शंका नव्हती. शंका फक्त विद्यापीठातल्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांना असते, असं ब्रायनीच्या शाळेतल्या पार्जेटरबाईंनी सांगितलं होतं. म्हणून रोज संध्याकाळी दुकान बंद झालं की शवपेट्यांच्या मधोमध मुलाखतीचा सराव चालायचा. पण आयुष्यभर हळू आवाजात बोललेल्या रेमंडना दरडावणं काही जमेना. ब्रायनी अडखळली की ते म्हणायचे, "वेळ घे, पोरी. कसली घाई नाही."

"अहो, जरा खेकसून विचारा की," आतून ब्रायनीची आई डॉरीनबाई ओरडायच्या. "तिथे कुणी मेलेलं नसतं."

"गप्प राहायला घाबरू नकोस, एवढंच सांगतो," रेमंड म्हणायचे. "गप्प बसून कुणी मरत नाही. मेलेले सगळे माझ्याकडे येतात, मला माहीत आहे."

ब्रायनीला जायचं होतं त्या विद्यापीठाची तऱ्हाच निराळी. नुसता विद्यापीठात अर्ज करून भागत नाही. तिथल्या ढीगभर कॉलेजांपैकी एक आपण निवडायचं, आणि मुलाखत घेणार ते कॉलेज. प्रत्येकाचं दार वेगळं, मुदपाकखाना वेगळा आणि शेजारच्या कॉलेजशी असलेलं जुनं भांडणही वेगळं. पार्जेटरबाई म्हणाल्या, श्रीमंत कॉलेजात जाऊ नकोस, बुजशील, आणि देखण्या कॉलेजात जाऊ नकोस, तिथे सगळेच जातात. रेमंडना एक फार पसंत पडलं होतं, कारण तिथे आवारातच दफनभूमी होती. "आपल्या मेलेल्यांना जी माणसं शेजारी ठेवतात, ती जिवंतांची आबाळ करणार नाहीत," असं त्यांचं म्हणणं.

ब्रायनीने निवडलं सेंट ऑसिथ. एक तर तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक हॅलम क्रू तिथे होते, आणि त्यांच्यापाशी शिकायला मिळावं म्हणून ती वर्षभर झुरत होती. दुसरं कारण तिने कुणाला सांगितलं नव्हतं. क्लिदरोतून आजवर तिथे कुणीही गेलेलं नव्हतं. शाळेत मुलं लांबूनच दोन हात पसरून पेटीसाठी तिचं माप घ्यायची. वाढदिवसाला तिला कुणी बोलवायचं नाही, कारण तिला न्यायला कुठली गाडी येईल याचा भरवसा नसायचा. नव्या गावी आपल्या घरचा धंदा कुणाला कळू नये, एवढंच तिला हवं होतं. आणि जागा मिळाली नाही, तर काय होणार हेही तिला ठाऊक होतं. 'एंटविसल आणि कन्या' अशी पाटी रंगवून तयार होती. वडिलांनी ती उलटी करून मागच्या खोलीत भिंतीला टेकवली होती आणि तिला दिसली नाही असं ते समजत होते.

डिसेंबरात मुलाखतीच्या दिवशी पहाटे रूळ गोठले आणि आगगाड्या बंद पडल्या. घरची मोटार दुरुस्तीला गेली होती. राहता राहिली शववाहिका.

"मी चालत जाईन," ब्रायनी म्हणाली.

"दोनशे मैल?" डॉरीनबाईंनी तिच्या हातात हॅम सँडविचची पुडी कोंबली. "बस मुकाट्याने. रिकामीच आहे ती."

"कॉलेजच्या अलीकडच्या कोपऱ्यावर सोडतो तुला," रेमंडनी शब्द दिला. "कुणाच्या बापाला कळणार नाही."

शब्द त्यांनी मनापासून दिला होता. पण शववाहिकेला कुणी अडवत नाही, ही गोष्ट ते विसरले, आणि त्यांच्यासारख्या माणसाने ती विसरायला नको होती. विद्यापीठाच्या गावात शिरल्याबरोबर मोटारी बाजूला झाल्या, म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. ठरलेल्या कोपऱ्यावर रेमंड थांबायला गेले, तर तिथल्या पोलिसाने सगळी रहदारी रोखून धरली आणि त्यांना अदबीने पुढे जायची खूण केली. पदपथावर ब्रायनीच्या वयाची, इस्त्रीच्या कपड्यांतली मुलं उभी होती. ती मुलाखतीलाच आलेली होती, हे सांगायला नको. ब्रायनी सीटवरून मागे सरपटली, जिथे पेटी ठेवतात तिथे आडवी झाली आणि पेटीवर घालायचं जांभळं मखमली वस्त्र तिने डोक्यावरून ओढून घेतलं.

"अगं, काय करतेस?"

"गाडी चालवा, बाबा. बोलू नका."

सेंट ऑसिथचे मुख्य द्वारपाल टॅपस्कॉट यांनी काचेतून ते वस्त्र आणि त्याखालचा आकार पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. परवाच प्राध्यापक क्रू यांना छातीच्या दुखण्याने इस्पितळात नेलं होतं. पेटी नव्हती, पण क्रूसाहेबांना साधेपणाची भारी हौस, तेव्हा टॅपस्कॉटना त्याचं नवल वाटलं नाही. त्यांनी हॅट काढली आणि एरवी बंद असणारा मोठा दरवाजा सताड उघडला.

"फार वाईट झालं," ते रेमंडना म्हणाले.

गंभीर चेहऱ्याने कुणी असं म्हणालं, की रेमंडच्या तोंडून उत्तर आपसूक बाहेर पडायचं. "तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत."

मग काय, टॅपस्कॉटची खात्रीच पटली. त्यांनी कॉलेजचा झेंडा अर्ध्यावर उतरवला. झेंडा पाहून प्रार्थनागृहातल्या माणसाने घंटा वाजवायला घेतली. घंटा ऐकून मुदपाकखान्यात दुपारच्या जेवणातलं गोड रद्द झालं आणि मुलाखती थांबवल्याचं कुणीतरी जिन्याजिन्यावर सांगत फिरलं. जिन्यात बसलेली एक मुलगी रडायला लागली. ती क्रूसाहेबांना ओळखतही नव्हती, पण रडायला तिला आधीपासूनच निमित्त हवं होतं.

कॉलेजचे पाद्री धावत आले. त्यांनी शववाहिकेचं मागचं दार उघडलं आणि प्रार्थनेसाठी मान खाली घातली. ब्रायनीला वाटलं, वडील आले.

"गेले का सगळे?" वस्त्राखालून तिने विचारलं आणि ती उठून बसली.

पाद्री जवळच्या पायरीवर बसले. "तू कोण?"

"मुलाखतीला आलेय," ब्रायनी म्हणाली. आवारात जमलेल्या सगळ्यांनी ते ऐकलं. कुणाला कळू नये म्हणून जिने एवढा खटाटोप केला, तिला आता मरेपर्यंत कुणी विसरणार नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते तिला त्या क्षणी समजलं.

तेवढ्यात वरची एक खिडकी उघडली. तिच्यातून विस्कटलेल्या पांढऱ्या केसांचा एक माणूस वाकला. "टॅपस्कॉट, घंटा कुणासाठी आहे?"

टॅपस्कॉट वर बघतच राहिले. "तुमच्यासाठी, सर."

"नक्की?"

"आता तसं सांगवत नाही, सर. पण तुम्ही इस्पितळात..."

"तिथलं सूप प्यायलात कधी? सकाळी मागच्या बागेतून परत आलो मी. घंटा थांबवा आणि त्या जांभळ्या मुलीला वर पाठवा."

खोलीत पुस्तकं होती, विझत आलेली शेगडी होती आणि क्रूसाहेबांचा खोकला होता. टेबल खरं आहे की नाही, हे त्यांनी विचारलंच नाही.

"मी गेलो याची खाली सगळ्यांना खात्री होती," ते म्हणाले. "पुरावा काय होता?"

"गाडी, सर. मग झेंडा. मग घंटा. शेवटी रडणारी मुलगी." ब्रायनी विचार करत म्हणाली. "पुरावे वाढत गेले असं प्रत्येकाला वाटलं. पण गाडी सोडली, तर बाकीचं सगळं एकमेकांना बघून आलेलं होतं."

"आणि खरं काय ते कुणाला माहीत होतं?"

"मला. पण मी वस्त्राखाली लपले होते."

"का?"

ब्रायनी गप्प राहिली. कितीतरी वेळ राहिली. क्रूसाहेबही गप्प राहिले. वडील म्हणाले होते तसंच झालं, कुणी मेलं नाही.

"लाज वाटत होती," शेवटी ती म्हणाली. "वडिलांची. आणि ज्यांची वाटत होती, तेच थंडीत दोनशे मैल गाडी चालवत आले. बाहेर उभे आहेत अजून."

एवढं बोलल्यावर तिचे डोळे भरून आले. क्रूसाहेबांना त्याच वेळी खोकल्याची मोठी उबळ आली. टेबलावर कागदी रुमालांचा डबा होता. ब्रायनीचा हात आपोआप पुढे गेला आणि तिने तो त्यांच्यापुढे सरकवला.

"वेळ घ्या, सर," ती हळू आवाजात म्हणाली. "कसली घाई नाही."

जागा मिळाली. डॉरीनबाईंनी गल्लीभर सांगितलं. रेमंडनी मागच्या खोलीतली पाटी करवतीने कापून तिच्या पुस्तकांसाठी दोन फळ्या केल्या, रंगवलेली बाजू खाली ठेवून. त्या वेळी त्यांनी दार लावून घेतलं होतं.

एप्रिलात दुकानाचा फोन वाजला. क्रूसाहेब बोलत होते. उन्हाळ्यात ते क्लिदरोजवळच्या मोरकम गावी बहिणीकडे राहायला येणार होते, आणि डॉक्टर फारसं काही बोलत नव्हते.

"तुमची गाडी आमच्या दारातून आत जाते, हे सिद्ध झालेलंच आहे," ते रेमंडना म्हणाले. "दुसऱ्या कुणाला कशाला त्रास द्यायचा?"

सप्टेंबरच्या शेवटी ते तिथेच वारले. ब्रायनीला त्यांच्यापाशी एक दिवसही शिकायला मिळालं नाही. अंत्यविधी कॉलेजच्या प्रार्थनागृहात ठरला, नेमका सत्र सुरू होण्याच्या दिवशी.

"तू आगगाडीने जा," रेमंड म्हणाले. "गाड्या चालू आहेत. मोटारही नीट आहे, आई सोडेल तुला."

"मी तुमच्याबरोबर येतेय."

मागची जागा भरलेली होती, म्हणून बॅग मांडीवर आणि फळ्या पायाशी घेऊन ती पुढे वडिलांशेजारी ताठ बसली. गावात शिरल्यावर मोटारी बाजूला झाल्या आणि पदपथावरची नवी मुलं वळून बघू लागली. ब्रायनीनेही त्यांच्याकडे बघितलं.

टॅपस्कॉटनी मोठा दरवाजा उघडून ठेवला होता. झेंडा मात्र वरच होता. दोरी हातात धरून ते खांबापाशी उभे होते. त्यांनी एकदा जांभळ्या वस्त्राकडे पाहिलं, एकदा वरच्या खिडकीकडे, आणि मग ब्रायनीकडे.

"आज नक्की, मिस?"

"आज नक्की, मिस्टर टॅपस्कॉट," ब्रायनी म्हणाली.

तेव्हा कुठे त्यांनी दोरी सोडली आणि झेंडा अर्ध्यावर आला.