जावक क्रमांक ४७, विषय : पाणी

मानवजात संपायला आली तर उरलेल्यांना वाचवायचं कोणी, हा प्रश्न मोठमोठ्या विद्वानांना आजवर सुटलेला नाही. त्याचं उत्तर १९९९ सालच्या मे महिन्यात, एका रविवारी दुपारी साडेबाराला परस्पर मिळून गेलं. ती जबाबदारी मीरा रोडच्या 'प्रभातकिरण' सोसायटीतल्या बी-२०३ मधल्या काशीनाथ सुर्व्यांवर आली. काशीनाथ त्या वेळी लुंगी-बनियनवर होते आणि शेपूच्या भाजीबद्दलची नाराजी बायकोपुढे कोणत्या शब्दांत मांडावी, या विवंचनेत होते.

कॉम्प्युटर घरात आला होता तो मुलासाठी, परागसाठी. पराग परीक्षा आटोपून मामाकडे संगमेश्वरला गेला. काशीनाथांच्या ऑफिसात लवकरच कॉम्प्युटर येणार अशी दोन वर्षं बोलवा होती, म्हणून टायपिंगचा सराव करावा अशा शुद्ध हेतूनं त्यांनी त्याचं प्लास्टिकचं कव्हर काढलं. आत एक सीडी राहून गेली होती. काशीनाथांनी कुठेतरी बोट दाबलं आणि जग नष्ट झालं.

गेम असा होता. मोठं युद्ध होऊन पृथ्वी बेचिराख झालेली. जमिनीखालच्या एका तळघरात बेचाळीस माणसं जीव मुठीत धरून बसलेली. पाणी शुद्ध करायचं यंत्र मोडलेलं, आणि त्याचा सुटा भाग शोधायला वरच्या उजाड शहरात जायचं. तळघराचा प्रमुख म्हणजे खेळणारा. गेमनं नाव विचारलं तेव्हा काशीनाथांनी वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव भरलं. मग एकेक माणूस येऊन आपली कहाणी सांगू लागला. एक म्हातारी गेलेल्या नवऱ्याबद्दल बोलायची. एक डॉक्टर होता, त्याच्याकडची औषधं संपली होती. एक माणूस नुसता खोकायचा. काशीनाथ अकरा वर्षं सोसायटीचे सेक्रेटरी होते. लोकांच्या तक्रारी ऐकणं त्यांना नवीन नव्हतं. पण या बेचाळीस जणांत एकानंही गळक्या भिंतीचा विषय काढला नाही, हे पाहून त्यांचं मन भरून आलं.

वर शहरात जायची वेळ मात्र त्यांना नकोशी वाटायची. पडक्या इमारतींतून वारा घुमायचा, कुठेतरी पत्रा वाजायचा, मग शांतता, आणि मग कुत्री. ती दिसायची नाहीत, नुसता त्यांचा श्वास ऐकू यायचा. काशीनाथ दोन्ही पाय खुर्चीवर घेऊन बसत, कारण टेबलाखाली अंधार होता.

तिसऱ्या रविवारी पाण्याचा पेच आला. साठा नऊ दिवसांचा उरला. तिघांना बाहेर काढलं तर तो जवळजवळ दहा दिवस पुरणार होता. कोणाला काढायचं ते प्रमुखानं ठरवायचं होतं. काशीनाथांना जेवण जाईना. सरकारी नोकरीत चोवीस वर्षं काढलेल्या माणसाला कागदावर उतरवल्याशिवाय विचार करता येत नाही. टेबलावर सोसायटीचं लेटरहेड होतंच. त्यांनी सुवाच्य अक्षरात मुद्दे मांडले, खाली सही केली, आणि सही झाल्यावर हात आपोआप शिक्क्याकडे गेला.

काशीनाथांच्या पत्नी शुभदावहिनींना त्या दिवशी मसाल्याच्या मिरच्या आणायला भाईंदर पश्चिमेला जायचं होतं. जाण्यापूर्वी घर आवरायचं हा त्यांचा नियम. टेबलावरचे कागद त्यांनी उचलले आणि दाराबाहेरच्या चपलांच्या स्टँडवर ठेवले. तिथून पुढचा नियम काशीनाथांचा होता. स्टँडवर शिक्क्याचा कागद दिसला की वॉचमन दशरथनं तो खाली बोर्डावर लावायचा. वाचायचा नाही, विचारायचा नाही. दशरथनं तो लावला. चार टाचण्या मारून लावला.

*जावक क्र. ४७. विषय : पाणी.*
*१. पाण्याचा साठा फक्त नऊ दिवसांचा उरला आहे.*
*२. बाहेरून मदत येणार नाही. बाहेर कोणीही उरलेलं नाही.*
*३. सबब तिघांना बाहेर काढणं भाग आहे. म्हातारी, डॉक्टर आणि सतत खोकणारा, यांचा प्राधान्यानं विचार व्हावा.*
*४. घबराट होईल, म्हणून तूर्त कोणालाही कळू देऊ नये.*
*५. कुत्र्यांपासून सावध.*

दुपारी दोनच्या सुमाराला काशीनाथ गेममध्ये एका कोसळलेल्या पुलाखाली दबा धरून बसले होते. मागे श्वास ऐकू येत होता. त्यांनी स्वतःचा श्वास रोखला. त्याच क्षणी दारावरची बेल वाजली आणि काशीनाथ खुर्चीसकट वीतभर मागे सरकले.

दारात पहिल्या मजल्यावरच्या हंसाबेन होत्या. वय अडुसष्ट, हातात रिकामी कळशी.

"काशीनाथभाई, खरं बोला हां. पाणी नऊच दिवसाचं आहे ने?"

काशीनाथ अजून निम्मे पुलाखाली होते. बायकोनं जाता जाता हिच्याजवळ गेमचं बोलून टाकलेलं दिसतंय, असं त्यांना वाटलं. थोडी लाज वाटली, पण दोन आठवड्यांत हा विषय मनापासून विचारणारं पहिलंच माणूस भेटलं होतं.

"नऊ," ते हलक्या आवाजात म्हणाले. "ते पण काटकसर केली तर."

"ने बाहेर कोणीच नाय?"

"मी स्वतः जाऊन बघून आलोय, हंसाबेन. सगळं उजाड झालंय. नुसती कुत्री फिरतायत."

हंसाबेननी कळशी छातीशी धरली. "सकाळी मी देरासरला दर्शन घ्यायला गेली, तेव्हा तर भाजीवाली होती."

"एका क्षणात होतं ते," काशीनाथ म्हणाले.

"ने म्हातारी?"

"मन होत नाही हो. पण तिची उपयुक्तता काय, असाही प्रश्न येतो."

 पायऱ्या उतरताना हंसाबेननी भिंत धरली होती. बाईंचं मन फार हळवं आहे, असं म्हणत काशीनाथ पुन्हा पुलाखाली गेले.

खाली एव्हाना प्रभातकिरणच्या बाकीच्या चोवीसच्या चोवीस घरांचे नळ पूर्ण सोडलेले होते. पिंपं भरली, बादल्या भरल्या, मग कुकर, कढया, इडलीपात्र, आणि ए विंगमध्ये एकांनी तर नव्या फ्रिजमधले कप्पे काढून त्यात पाणी भरलं. गच्चीवरची टाकी तासाभरात कोरडी झाली. दशरथनं मोटर लावली. जमिनीखालची टाकीही आटली, पण मोटर बंद करा म्हणायला कोणी मोकळं नव्हतं. ती कोरडी फिरत राहिली.

पुढची बेल चारला वाजली. तळमजल्यावर होमिओपॅथीचा दवाखाना चालवणारे डॉक्टर रोशन म्हात्रे आले होते.

"सुर्वे, तुम्हाला मी गुडघ्याच्या गोळ्या देतोय ना? सहा वर्षं देतोय. मग मला काढायचं कारण काय?"

"तुम्हाला कुठून काढायचं?"

"ते तुम्ही लिहिलं नाहीये. बोर्डावर नुसतं 'बाहेर' आहे."

 काशीनाथ बनियनवरच जिन्यानं खाली धावले. बोर्डापुढे पंधरावीस माणसं होती.  गर्दीच्या कडेला तिसऱ्या मजल्यावरचा बबन चव्हाण तोंडावर उशीचा अभ्रा धरून उभा होता. बबनला बारमाही खोकला होता, आणि तो दुपारपासून दाबून ठेवल्यामुळे त्याचे डोळे बाहेर आले होते. काशीनाथांना पाहताच सगळे बाजूला सरकले. अशी वाट त्यांना अकरा वर्षांत कोणी दिली नव्हती.

"दशरथ, हे कोणी लावलं?"

"म्या लावलं. शिक्का व्हता, साहेब. शिक्का असला का लावायचा, तुमीच सांगितलंत."

"अरे, पण वाचलं नाहीस?"

"वाचायचं न्हाय, हे पन तुमीच सांगितलंत."

तेवढ्यात पंपाच्या खोलीतून धूर येऊ लागला. काशीमीऱ्याच्या मेकॅनिकनं फोनवर नुसती लक्षणं ऐकून मोटर जळाल्याचं सांगितलं. बुधवारी येतो म्हणाला. म्हणजे उद्या सकाळी नगरपालिकेचं पाणी आलं तरी ते वर चढणार नव्हतं. खोटी नोटीस अडीच तासांत खरी झाली होती.

साडेपाचला शुभदावहिनी मिरच्यांच्या दोन पिशव्या घेऊन परत आल्या, तेव्हा नवरा जिन्याच्या पायरीवर बसला होता.

"चुकून लागली म्हणून सांगा की," सगळं ऐकून त्या म्हणाल्या.

"आता कसं सांगू? मी जाऊन बघून आलोय असं हंसाबेनना सांगून बसलोय."

"कुठे जाऊन?"

"पुलाखाली."

वहिनींनी पिशव्या खाली ठेवल्या. "मग गेम खेळत होतो म्हणा. खरं ते सांगा."

काशीनाथांना नेमकी त्याचीच धास्ती होती. सहाला पार्किंगमध्ये वार्षिक सभा होती आणि सेक्रेटरीची निवड व्हायची होती. या माणसाच्या सहीवर चोवीस कुटुंबं डोळे मिटून चालत आली होती. उन्हाळ्यातलं पाण्याचं वेळापत्रक असो की जिन्याचा रंग, काशीनाथांनी शिक्का मारला की वाद संपत असे. बावन्नाव्या वर्षी, घोड्याएवढा मुलगा असताना, दुपारी पाय वर घेऊन आपण खेळत होतो हे सांगितल्यावर त्या शिक्क्याला बटाट्याच्या ठशाइतकी तरी किंमत राहणार होती का? कुत्र्यांची भीती याच्यापुढे काहीच नव्हती. कुत्र्यांना निदान मत नव्हतं.

सभेला शंभर टक्के हजेरी होती. असं पूर्वी कधीच झालं नव्हतं. प्रत्येकाच्या खुर्चीशेजारी भरलेला कॅन होता, कारण तो घरी सोडून यायला कोणी तयार नव्हतं. काशीनाथ उठले. त्यांनी घसा साफ केला तर पुढची रांग दचकली. मग त्यांनी युद्ध, तळघर, यंत्र, बेचाळीस माणसं, सगळं सांगितलं. कॉम्प्युटरचं नाव शेवटी घेतलं, तेही खाली बघून.

 मग बबननं अभ्रा खाली केला आणि दुपारपासूनचा सगळा खोकून घेतला.

"म्हणजे तो खोकणारा मी नाय?"

"नाही रे. तो तिकडचा आहे."

"आणि डॉक्टर?" डॉक्टर म्हात्र्यांनी विचारलं.

"तोही तिकडचा. एमडी आहे."

"एमडी असून काढताय?" डॉक्टरांचा आवाज मऊ झाला. "मग माझं काही म्हणणं नाही."

आता राजीनामा मागणार, म्हणून काशीनाथ तसेच उभे राहिले. हंसाबेन उठल्या.

"पण मग काढला कोणाला?"

"कोणालाच नाही. सकाळपासून बसलोय, मला जमतच नाहीये."

"म्हातारी पाणी किती पिणार हो? दोन वाटी. तिला ठेवा."

"खोकणाऱ्याला उकळून द्या," बबन म्हणाला. "काढायचं काम नाय."

यावर पाऊण तास चर्चा झाली. ए विंगनं बी विंगच्या सूचनेला पाठिंबा दिला, हे सोसायटीच्या इतिहासात पहिल्यांदा घडलं. अखेर बेचाळीसपैकी एकालाही काढू नये, माणशी मापानं पाणी द्यावं आणि सुटा भाग शोधायला सेक्रेटरींनी अधिक वेळ द्यावा, असा ठराव एकमतानं मंजूर झाला. मग निवडणूक आली. बाहेर कुत्री असताना जो माणूस म्हातारीला बाहेर काढू शकत नाही, त्यालाच पुन्हा सेक्रेटरी करावं, असं हंसाबेननी सुचवलं. विरोधात कोणी उभं राहिलं नाही. टाळ्या वाजल्या, आणि चोवीस कुटुंबं आपापले कॅन सांभाळत वर गेली.

काशीनाथही तरंगत वर आले. हातपाय धुवायला म्हणून त्यांनी मोरीतला नळ सोडला. नळानं एक लांब उसासा टाकला. मग त्यांनी पिंपाचं झाकण उचललं, मग माठाचं. दुपारभर ते पुलाखाली होते आणि शुभदावहिनी मिरच्यांत. साऱ्या प्रभातकिरणमध्ये थेंबभर पाणी नसलेलं एकच घर होतं.

"बुधवारपर्यंत काय करायचं?" वहिनींनी विचारलं. मिरच्यांनी त्यांच्या हातांची आग होत होती.

काशीनाथांनी शर्ट घातला, केस सारखे केले, स्वयंपाकघरातून तांब्या घेतला आणि पहिल्या मजल्यावर जाऊन बेल वाजवली. हंसाबेननी साखळी न काढता दार बोटभर उघडलं. त्यांच्यामागे दिवाणखान्याच्या भिंतीलगत भरलेल्या कळश्यांची रांग दिसत होती.

"हंसाबेन," मानवजातीचे तारणहार म्हणाले, "जरा तांब्याभर पाणी मिळेल का? अर्धा दिलात तरी चालेल."