दोन निळू

जीव लावून सांभाळणं हा तर माझ्या डाव्या हाताचा मळ! म्हणून सासूबाई बहिणीकडे जाताना आपली गोकर्णीची वेल कुंडीसकट माझ्याच हवाली करून गेल्या. फुलं निळीशार, म्हणून वेलीचं लाडकं नाव निळू. आणि आमच्या मत्स्यालयात माझ्या ताब्यात होती एक पाकट. म्हणजे ताटासारखा चपटा, चाबकासारख्या शेपटीचा समुद्रातला मासा. हिच्या अंगावर निळे ठिपके. म्हणून तीही निळूच!

ही दुसरी निळू काही खाईना. मत्स्यालयाच्या डॉक्टरीणबाई परगावी, मी हवालदिल. हातात कोळंबी, कानाशी पंपाची घरघर, तेवढ्यात फोन!

"निळू कशी आहे?" बाईचा आवाज. डॉक्टरीणबाईच!

"तळाशी पडून आहे हो!"

"पडली? आणि पाणी?"

"पाण्यातच आहे. कालच मीठ वाढवलं."

"मीठ?"

"कोळंबी देतोय, पण तोंड लावत नाही!"

"अगं आई गं!" फोन बंद. डॉक्टरीण असून किती हळवी!

संध्याकाळी घरी पुन्हा फोन. शेजारी मिक्सर फिरत होता.

"निळू कशी आहे?" आता सासूबाई, दुसरं कोण!

"झकास! दिवसभर गॅलरीत कडक उन्हात टांगली होती. सकाळीच शेंडे छाटले."

"काय छाटलं?"

"शेंडे! कात्री लावल्याशिवाय ती अंग धरत नाही!"

पलीकडे किंकाळी.

सकाळी काचेच्या टाकीपाशी दोघी हजर. एकीच्या हातात प्रवासाची पिशवी, दुसरीच्या हातात औषधांची पेटी.

"माझ्या निळूला यांनी मीठ घातलं!"

"माझ्या निळूला यांनी कात्री लावली!"

मी टाकीच्या मागे लपत होतो, पण काचेच्या मागे लपणार कसा? शेवटी बायको कुंडी कडेवर घेऊन धावत आली, तेव्हा कुठे उलगडा झाला.

सासूबाईंनी वेल पाहिली, मग पाकट पाहिली. "अगंबाई, फुलासारखीच पसरट! काठालाही तशीच मुरड. फक्त हिला शेंग, तिला शेपटी!" मग चिमट्याने कोळंबी पाण्यात सोडून म्हणाल्या, "खा गं बाळ. जावईबापूंकडे बघू नकोस."

आणि खाल्ली की हो तिने! डॉक्टरीणबाईंनी सासूबाईंना मिठीच मारली.

आता वेल बहरलीय, पाकट चापून खातेय. दोघी रोज खुशालीचा फोन करतात, पण माझ्या बायकोला! आणि मी कसा आहे, हे मात्र अजून कुणीच विचारलेलं नाही!