देवीलाल ड्यूटीवर आहेत

सभा संध्याकाळी मंदिरासमोर होती आणि विषय होता मोबाइलवरचे खेळ आणि त्यात वाया जाणारा वेळ. मुख्य वक्ते होते देवीलाल राठोड. केळापूरजवळच्या त्या बंजारा तांड्यात या विषयावर बोलायला दुसरा माणूस शोधूनही सापडला नसता. जवळजवळ उभी नोकरी एसटीत ड्रायव्हर म्हणून काढलेला, चहासुद्धा घड्याळ पाहून पिणारा, पत्ते कुटणाऱ्यांच्या ओट्यावरून जाताना मान दुसरीकडे वळवणारा हा माणूस. तांड्याचे नाईक पूनमसिंग आमंत्रण घेऊन आले तेव्हा देवीलाल एवढंच म्हणाले होते, “बोलतो. पण टायमावर सुरू करा.”

दिवस कलल्यावर ते ओसरीवर बसून मनातल्या मनात भाषण जुळवू लागले आणि पहिल्याच वाक्याला अडले. ज्याच्याविरुद्ध बोलायचं, ते त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. त्यांचा स्वतःचा फोन बटनांचा, फक्त बोलण्यापुरता. ज्या रस्त्याने आपण गेलो नाही त्या रस्त्याबद्दल दुसऱ्याला काही सांगायचं, हे त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं.

“पुष्पा,” त्यांनी सुनेला हाक मारली. घरात सगळे गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, बोलत, पण कामाचं काही निघालं की देवीलाल मराठीत शिरत. नोकरीची सवय. “तुह्या मोबाइलात तो गेम का काय म्हन्तेत, तो हाय का?”

पुष्पा दाराआड उभी होती. नवरा ओम ट्रक घेऊन हैदराबादकडे गेलेला. सासू रुपीबाई अंगणात तूर पाखडत बसलेल्या. सासऱ्यांचा प्रश्न ऐकून पुष्पाच्या तोंडचं पाणी पळालं. गेम होता. दुपारी सगळे पडले की ती गोठ्यात जाऊन खेळायची आणि घरात कोणाला याचा पत्ता नव्हता. आता सासऱ्यांना हे कळणार, तेही नेमकं सभेच्या दिवशी.

“हाय मामाजी,” ती खाली मान घालून म्हणाली. “एकच हाय.”

“दाखव. न पाहता बोललो तं खोटं बोलल्यासारखं होईन.”

तिने डोक्यावरचा पदर नीट केला, गेम उघडला आणि फोन त्यांच्या समोर धरला. देवीलालांनी चष्मा लावला. पडद्यावर एका बसची केबिन होती. गोल स्टिअरिंग, दोन बाजूंना आरसे, आणि काचेपलीकडे डोंगरात वळत गेलेला रस्ता. बस लाल होती. रंग पुष्पानेच निवडला होता.

देवीलाल पडद्यावर वाकले.

त्यांच्या हातून गाडी सुटली ती निवृत्तीमुळे नव्हे. त्याच्या आधीच डोळ्यांच्या तपासणीत दोष निघाला, आणि एका सकाळी ड्यूटीवर गेले तर त्यांना टायर विभागात बसायला सांगण्यात आलं. आदल्या दिवशी यवतमाळहून आणलेली गाडी शेवटची होती, हे ती आणताना त्यांना माहीत नव्हतं. माहीत असतं तर काय केलं असतं, तेही त्यांना सांगता आलं नसतं. कदाचित उतरताना एकदा मागे वळून पाहिलं असतं. याबद्दल ते घरात कधी बोलले नाहीत. हळूहळू त्यांचं एकूण बोलणंच कमी होत गेलं.

“हे चालते कशानं?” त्यांनी विचारलं.

पुष्पाने दाखवलं. इथे बोट ठेवलं की वेग, इथे ब्रेक, चाक असं फिरवायचं. देवीलालांनी फोन दोन्ही हातांत घेतला. आधी डावा आरसा पाहिला, मग उजवा. स्टँडवर उभी असलेली माणसं एकेक करून बसमध्ये चढली. दार लागलं. तरी बस हलेना.

“काय झालं मामाजी?”

“कंडक्टर कुठं हाय?”

“कंडक्टर नसते याच्यात.”

“मंग घंटी कोण देईन?”

 पुष्पाने घसा साफ केला आणि म्हणाली, “टिंग टिंग.”

बस निघाली.

देवीलालांनी ती बस अशी चालवली, जशी त्या गेममध्ये आजवर कोणीही चालवली नसेल. रिकाम्या रस्त्यावरचा लाल सिग्नलही त्यांनी पूर्ण पाळला. वळणावर हॉर्न दिला. समोर एक मालट्रक रेंगाळत होता, त्याच्या मागे ते मुकाट्याने जात राहिले. कोपऱ्यात उशीर झाल्याची सूचना लाल अक्षरांत लुकलुकत होती.

“काढा ना पुढं, मामाजी. टाइम संपून राह्यला.”

“घाटात ओव्हरटेक?” देवीलालांनी एवढंच विचारलं.

तेवढ्यात त्यांच्या खिशातला बटनांचा फोन वाजू लागला. देवीलालांनी लक्ष दिलं नाही. तो थांबला आणि पुन्हा वाजला.

“उचला ना फोन,” रुपीबाई अंगणातून म्हणाल्या.

“गाडी चालवताना मी फोन उचलत नाही.”

रुपीबाई सूप ठेवून आल्या, नवऱ्याच्या खिशातून फोन काढला आणि कानाला लावला. पलीकडे पूनमसिंग होते. मंदिरासमोर सतरंजी घातली होती, माणसं जमली होती, वक्ते कुठे आहेत?

रुपीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांची पाठ ताठ होती, नजर समोर. इतक्या वर्षांत जे उत्तर द्यायची सवय झाली होती तेच तोंडून गेलं. “ते ड्यूटीवर हायत.”

“रिटायर माणूस कोणत्या ड्यूटीवर गेला, भाबी?” पूनमसिंगांनी विचारलं. रुपीबाईंनी फोन बंद केला.

थोड्याच वेळात पूनमसिंगांची जीप अंगणात येऊन थांबली. वक्त्याला बरं नसेल, उचलूनच न्यावं लागेल, अशा तयारीने ते आले होते. ओसरीवरचं दृश्य पाहून ते पायरीवरच थबकले.

“देवीलालजी, हे काय करून राह्यले तुमी?”

“चालकाशी बोलू नये,” देवीलाल समोर पाहत म्हणाले.

पूनमसिंगांनी पुष्पाला बाजूला बोलावलं. “बंद कर बाई ते. लोक वाट पाहून राह्यले.”

“बंद केलं तं बस पुन्हा पहिल्या स्टँडवर जाते, काका.”

हे देवीलालांच्या कानावर गेलं. “अन् पॅसिंजर?” त्यांनी विचारलं.

“ते... नाहीसे होते, मामाजी.”

“मधातच? जंगलात?”

  पूनमसिंग खाटेच्या कडेवर बसले. मनातून ते चिडले होते, पण या माणसाने एकदा भरपावसात नाल्याला पूर आला तेव्हा गाडीभर माणसं सोडून जायला नकार दिला होता, आणि त्या गाडीत पूनमसिंगांची आई होती.

“अजून किती हाय?” त्यांनी हळूच पुष्पाला विचारलं.

“डोंगर उतरला की आलंच.”

पण डोंगर उतरायच्या आधी फोन दोनदा टुणटुणला. बॅटरी संपत आली होती. पुष्पा चार्जर आणायला धावली आणि तो हातात घेऊनच परत आली. लाइट गेलेली होती, आणि लवकर येण्याची आशा कोणालाच नव्हती. तांड्यात एरवी लाइट गेली की माणसं वीज कंपनीच्या नावाने बोटं मोडतात; त्या दिवशी बोटं मोडायचं सोडून सगळ्यांनी पडद्याकडे पाहिलं.

“माह्या जीपमंदी हाय चार्जर,” पूनमसिंग म्हणाले. म्हणाले आणि मग त्यांना कळलं की आपण काय म्हणालो.

देवीलालांनी पुढच्या स्टँडवर बस बाजूला घेतली आणि हँडब्रेक लावला. “पुष्पा, पॅसिंजरले सांग, गाडी घडीभर थांबन.”

पुष्पाने फोनकडे पाहून खरोखर सांगितलं. मग ते तिघं अंगण ओलांडून जीपकडे गेले. चार्जरची वायर आखूड होती; ती फक्त ड्रायव्हरच्या सीटपर्यंत पोचत होती. देवीलाल दाराशी क्षणभर थांबले. एसटी सुटल्यापासून ते कुठल्याच गाडीत या बाजूने चढले नव्हते. मग त्यांनी दांडा धरला, पाय ठेवला आणि वर बसले. फोन त्यांनी जीपच्या खऱ्या स्टिअरिंगला टेकवून धरला. शेजारच्या सीटवर पुष्पा बसली. सासऱ्याच्या बरोबरीने सून बसण्याची तांड्यात रीत नव्हती, पण घंटी तिलाच द्यायची होती.

मंदिरासमोर बसून कंटाळलेली माणसं एव्हाना इकडे निघाली होती. सर्वांत पुढे तुळसाबाई. त्यांचा नातू दिवसभर मोबाइलात डोकं घालून बसतो, या त्यांच्या तक्रारीवरूनच तर सभा ठरली होती. अंगणात येऊन त्यांनी पाहिलं. बंद जीप, तिच्यात सभेचे मुख्य वक्ते, आणि त्यांच्या हातात गेम.

“हे काय व्हय?” तुळसाबाई कडाडल्या.

पूनमसिंग खिडकीतून आत डोकावून उभे होते. त्यांनी मागे न वळता हात वर केला. “हळू बोला. उतार लागला हाय.”

माणसं जीपभोवती जमली. हसावं की रागवावं हे कोणालाच ठरवता येईना, म्हणून सगळे पाहत राहिले. बस वळणं घेत खाली आली. एका वळणावर समोरून भरधाव ट्रक आला तेव्हा तुळसाबाईंच्याच तोंडून “बाप्पा!” निघालं. देवीलालांनी गाडी बाजूला दाबली, ट्रक जाऊ दिला. शेवटी गाव दिसलं, स्टँड दिसलं. बस रांगेत सरळ उभी राहिली. दार उघडलं आणि माणसं एकेक करून खाली उतरली.

पडद्यावर निकाल आला. फार उशीर. पाचापैकी एक तारा.

“सगळे उतरले?” देवीलालांनी विचारलं.

“हो, मामाजी.”

त्यांनी फोन तिच्या हातात दिला, मान वळवून जीपच्या मागच्या रिकाम्या बाकांकडे पाहिलं, चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसत बसले. चष्मा पुसायला लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ ते पुसत होते. रुपीबाई गर्दीत मागे उभ्या होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला.

पूनमसिंग खाकरले. “मंग देवीलालजी, आता बोला. लोक इथंच आले हायत. याच्यात वेळ वाया जाते का नाही?”

 देवीलाल सुनेकडे वळले. “तू कायले खेळतं हे?”

पुष्पाने सगळ्यांकडे पाहिलं. एवढ्या माणसांसमोर ती कधी बोलली नव्हती. “पांढरकवड्याच्या स्टँडवर एक बाई एसटी घेऊन आलती, मामाजी,” ती म्हणाली. “खाकी कपड्यात. मले बी ड्रायव्हर व्हायचं हाय. तुमच्या पोराले म्हटलं तं ते हासले. खरी गाडी कोणी हातात देत नाही. म्हणून हे.”

कोणीतरी हसलं. देवीलालांनी त्या दिशेला पाहिलं आणि हसणं थांबलं. ते खाली उतरले, जीपला वळसा घालून पलीकडे गेले आणि तिच्या बाजूचं दार उघडलं.

“उतर. तिकडून बस.”

पुष्पा उतरली आणि तिकडून बसली. देवीलालांनी पूनमसिंगांपुढे हात पसरला. “किल्ली.”

“अन् भाषण?”

“जे बोलाचं ठरवलं व्हतं अन् जे पाह्यलं, ते जुळून नाही राह्यलं. सभा तुमी घ्या. किल्ली द्या.”

पूनमसिंगांनी जमलेल्या माणसांकडे पाहिलं. नाईकाने सर्वांसमोर नाही म्हणायचं कसं? त्यांनी किल्ली दिली. देवीलाल शेजारच्या सीटवर बसले आणि कितीतरी वर्षांत घरच्यांनी ऐकला नव्हता अशा मोकळ्या आवाजात म्हणाले, “डावा पाय पुरा दाब. दाबला? आता हळू सोड.”

जीपने एक उसळी मारली. माणसं दोन्ही बाजूंना पांगली, तुळसाबाई रुपीबाईंच्या तुरीच्या ढिगात जाऊन बसल्या, कोंबड्या छपरावर गेल्या. जीप बंद पडली.

“पुन्हा,” देवीलाल म्हणाले.

दुसऱ्या वेळी ती बंद पडली नाही. हेलकावे खात, पण खरोखर पुढे निघाली, अंगणाच्या तोंडातून बाहेर, सडकेच्या दिशेने. पूनमसिंग एका हाताने धोतर सावरत तिच्या बाजूने पळत होते.

“देवीलालजी! अगोदर ब्रेक कुठं हाय ते तं सांगा तिले!”

“सांगतो,” देवीलाल खिडकीतून शांतपणे म्हणाले. “गाडी जरा रस्त्याले लागू द्या.”